नवी बासरी आणि जुनी बोटे

वाद्यांचा इतिहास बहुधा ती घडविणाऱ्यांच्या नावाने सांगितला जातो. अमक्या कारागिराने अमक्या साली एक सुधारणा केली, तिला पदक मिळाले, आणि वाद्य एक पायरी वर चढले, असा तो क्रम असतो. परंतु वाद्य काही आपणहून वाजत नाही. नवे वाद्य ज्या हातांत पडते त्या हातांना जुन्या वाद्याची वर्षानुवर्षांची सवय जडलेली असते. ती सवय मोडून दुसरी जडवावी लागते, आणि हे काम कारागिराला नव्हे, तर वादकाला करावे लागते. या कष्टांचा हिशेब इतिहासात क्वचितच मांडला जातो. युरोपातील लाकडी बासरीचे स्वरूप एकोणिसाव्या शतकात अवघ्या पंधरा वर्षांच्या अवधीत पालटले. त्या वेळी नामांकित वादकांपुढे जो पेच उभा राहिला, त्याची हकीकत म्हणूनच सांगण्यासारखी आहे.

प्रथम जुनी बासरी कशी होती ते पाहिले पाहिजे. ती आपल्या बासरीप्रमाणेच ओठांशी आडवी धरीत. तिला फुंकेसाठी एक मुखरंध्र आणि बोटांसाठी सहा स्वररंध्रे असत. सहाही रंध्रे झाकून निघणाऱ्या स्वराला षड्ज मानले, तर खालून एकेक बोट उचलीत गेल्याने शुद्ध स्वरांचे सप्तक सरळ मिळे. अडचण येई ती कोमल व तीव्र स्वरांची. आपला बासरीवाला अशा वेळी रंध्र अर्धे झाकतो. युरोपातील वादक बहुधा एक रंध्र उघडे ठेवून त्याच्या खालची एकदोन झाकीत, आणि त्यामुळे स्वर थोडा उतरे. पण असा उतरविलेला स्वर शेजारच्या स्वराहून मंद आणि घुसमटलेला निघे. त्यावर उपाय म्हणून या स्वरांसाठी निराळी रंध्रे पाडून त्यांवर स्प्रिंगने बंद राहणाऱ्या धातूच्या चाव्या बसविण्यात आल्या. अठराव्या शतकाच्या आरंभी बासरीला एकच चावी होती. त्या शतकाच्या अखेरीपासून सहा-सहा, आठ-आठ चाव्यांच्या बासऱ्या प्रचारात आल्या.

चाव्या वाढल्या तरी मूळ दोष राहिलाच. सहा रंध्रांच्या जागा नादशास्त्राने ठरविलेल्या नव्हत्या, तर माणसाची बोटे जेथवर सहज पोचतात त्यावरून ठरल्या होत्या. ज्या जागी रंध्र हवे तेथे बोट पोचत नसे, आणि जेथे बोट पोचे तेथले रंध्र स्वराच्या दृष्टीने लहान ठेवावे लागे. परिणामी प्रत्येक बासरीत काही स्वर ठसठशीत, काही मिणमिणते, काही चढे, काही उतरे असत. हे दोष वादक ओठांनी सावरून घेई. फुंक किंचित आत वळविली की स्वर उतरे, बाहेर सोडली की चढे. चांगला वादक म्हणजे आपल्या बासरीचे दोष पुरते जाणणारा आणि ते श्रोत्यांच्या कानी न पडू देणारा मनुष्य, असेच म्हणावे लागेल.

त्यातही वाद्य लाकडाचे. त्याच पद्धतीची दुसरी लाकडी बासरी हाती घ्यायची म्हटली तरी ती एका दिवसात आपलीशी होत नाही. लाकूड ओल शोषते. उबदार, दमट श्वास आत खेळू लागला म्हणजे आतली बाजू फुगते आणि बाहेरची कोरडी राहते. हा ताण असह्य झाला की लाकूड तडकते. म्हणून नवी बासरी आरंभी दिवसाकाठी दहापंधरा मिनिटेच वाजवावी, वाजवून होताच आतून पुसून कोरडी करावी, अधूनमधून बदामाच्या तेलाचा हात फिरवावा, आणि वाजविण्याचा अवधी सावकाश वाढवीत न्यावा, असा प्रघात पडला आहे. या आठवड्यांत केवळ लाकूडच मुरते असे नव्हे. मुखरंध्राची कड थोडी निराळी असली तरी जुन्या बासरीवर जेथे भरदार स्वर लागे तेथे नव्या बासरीवर नुसती हवा फुसफुसते. ओठ कोठे टेकावेत, फुंक किती बारीक असावी, हे शब्दांनी शिकविता येत नाही. रोज थोडे थोडे वाजवून ओठच ते शोधून काढतात. मग ज्या बासरीवर बोटांचे नियमच बदलले, तिच्याशी जुळवून घेणे किती कठीण गेले असेल याची कल्पना करता येईल.

ती बासरी निर्माण करणारा थिओबाल्ट बोम हा म्यूनिक शहरी १७९४ साली जन्मला. बाप सोनार होता. मुलानेही सोनारकाम शिकून घेतले. पण त्याचा ओढा संगीताकडे होता. पोरवयातच त्याने दुसऱ्याची बासरी नमुन्याला घेऊन स्वतःची बासरी घडविली, आणि १८१८ साली तो बव्हेरियाच्या राजदरबारी वादक झाला. १८२८ साली त्याने बासऱ्या घडविण्याचा कारखाना काढला. सोनाराचे हात आणि वादकाचे कान एकाच माणसाच्या ठायी आले, हा योग या इतिहासात फार महत्त्वाचा ठरला.

१८३१ साली बोम लंडनला गेला. तेथे त्याने चार्ल्स निकल्सन या वादकाची बासरी ऐकली. निकल्सनच्या बासरीची रंध्रे नेहमीपेक्षा बरीच मोठी होती. त्याच्या वडिलांनी रंध्रे मोठी करण्याचा हा उपक्रम प्रथम केला आणि मुलाने तो पुढे नेला. मोठ्या रंध्रांतून नाद मोकळा निघतो, पण सूर सांभाळणे कठीण होते. शिवाय ती झाकायला बोटेही तशीच दणकट हवीत. निकल्सनपाशी तशी बोटे होती आणि तसा ओठही होता. त्याच्या मंद्र सप्तकातील स्वरांचा दणदणाट ऐकून बोम थक्क झाला. पुढे चाळीस वर्षांनी, १८७१ साली लिहिलेल्या एका पत्रात त्याने मोकळेपणाने सांगितले आहे की, नादाच्या जोरात आपण निकल्सनची बरोबरी करू शकलो नाही, म्हणूनच आपण बासरीची रचना बदलावयास घेतली. त्याला ऐकले नसते तर आपली बासरी बहुधा जन्मासच आली नसती.

दुसरा कोणी असता तर निकल्सनसारखी मोठ्या रंध्रांची बासरी घेऊन रियाजाला बसला असता. बोमने निराळा विचार केला. एका माणसाच्या अंगचा विशेष सर्वांना साधावा अशी अपेक्षा करण्यापेक्षा तो गुण वाद्यातच उतरविला तर काय होईल? रंध्रे मोठी हवीत आणि ती नादशास्त्राने सांगितलेल्या जागी हवीत. बोटे तेथवर पोचत नसतील तर यंत्राने पोचवावीत. १८३२ साली म्यूनिकला त्याने तयार केलेल्या बासरीत रंध्रांभोवती धातूच्या कड्या बसविल्या होत्या. बोटाने रंध्र झाकले की त्याबरोबर कडी दाबली जाई आणि दांड्याच्या योगाने दूरचे दुसरे रंध्रही मिटे. नऊ बोटांनी त्याहून अधिक रंध्रांवर हुकमत चालू लागली. प्रत्येक अर्ध्या स्वराला स्वतंत्र रंध्र मिळाले आणि कोमल-तीव्र स्वर शुद्ध स्वरांइतकेच खणखणीत निघू लागले.

परंतु या लाभाची किंमत होती, आणि ती बोटांना द्यावी लागली. एकच उदाहरण पुरेसे आहे. डाव्या हाताची तीन बोटे आणि उजव्या हाताची तर्जनी ठेवली की जुन्या बासरीवर शुद्ध गंधार निघे. बोमच्या बासरीवर याच चार बोटांनी कोमल गंधार निघू लागला. शुद्ध गंधार हवा असेल तर उजवी तर्जनी उचलून तिच्याऐवजी अनामिका ठेवावयाची. डावा अंगठा पूर्वी मुख्यतः बासरीला आधार देई; आता त्याच्याखाली एक रंध्र आले. जुन्या सवयीने नुसती डावी तर्जनी ठेवून वादक धैवत वाजवू गेला आणि अंगठा मिटावयाचे विसरला, तर कोमल निषाद निघे. तीव्र मध्यमासाठी पूर्वी डावी करंगळी दाबावी लागे, ती आता दाबलेली ठेवून त्या स्वरापुरती उचलावयाची होती.

नवख्या विद्यार्थ्याला यात काहीच अवघड नव्हते. त्याच्या दृष्टीने दोन्ही पद्धती सारख्याच नव्या, आणि त्यांतल्या त्यात बोमची अधिक सुसंगत. संकट होते ते कसलेल्या वादकापुढे. वीस वर्षांच्या मेहनतीने ज्याची बोटे मनाच्या आधी धावू लागली आहेत, त्याची ती धावच त्याला दगा देई. नाटकगृहातील वादकाला रोज रात्री वाजवावे लागे. सहा महिने रजा घेऊन नवी बोटे शिकण्याची सवड त्याला कोठून मिळणार? शिष्यांना शिकवून पोट भरणाऱ्याला तर काल शिकविलेले आज खोटे ठरविणे भाग होते. बोमच्या बासरीला झालेल्या विरोधात हट्ट होता, मत्सरही होता. पण त्याच्या मुळाशी ही खरी अडचण होती हे विसरता कामा नये.

हा विरोध सर्वांत ठळकपणे दिसला तो पॅरिसमध्ये. तेथील कॉन्सर्व्हात्वार या सरकारी संगीतशाळेत झाँ-लुई त्युलू हा १८२९ सालापासून बासरीचा प्राध्यापक होता. त्याच्याच हाताखालच्या व्हिक्टर कोश याने नवी बासरी उचलून धरली, तिची शिक्षणपद्धती १८३८ साली छापली, आणि ती संगीतशाळेत शिकविली जावी असा आग्रह धरला. त्यावर समिती बसली, चर्चा झाली, आणि त्युलूच्या विरोधामुळे १८४० च्या सुमारास नवी बासरी नाकारण्यात आली. नव्या बासरीत मूळ बासरीचा हळुवार, कारुण्यपूर्ण स्वर उरत नाही, असे त्युलूचे म्हणणे होते. त्याचा स्वतःचा जुन्या पद्धतीच्या बासऱ्यांचा कारखाना होता ही गोष्ट खरी. म्हणून त्याचे मत केवळ व्यापारी होते असे मात्र म्हणता येणार नाही. जुन्या बासरीच्या मंद स्वरांचा त्याने आयुष्यभर छायेसारखा उपयोग केला होता. सर्व स्वर सारखे उजळ झाले की ती छाया नाहीशी होणार, ही त्याची खंत कलावंताची होती.

लंडनमध्ये निराळाच प्रकार घडला. तेथील रॉयल ॲकॅडमीत शिकविणाऱ्या जॉन क्लिंटनने १८४३ साली बोमच्या बासरीवर पुस्तक लिहून तिची मोठी वाखाणणी केली, आणि काही वर्षांतच तो जुन्या बोटांकडे परतून जुनीच बोटे चालतील अशी स्वतःची बासरी रचू लागला. एबेल सिकामा याने १८४५ साली अशीच तडजोड केली. रॉबर्ट सिडनी प्रॅटन हा तेथील नाणावलेला वादक अखेरपर्यंत जुन्याच बोटांना धरून राहिला आणि त्याच्या नावाने सुधारलेल्या जुन्या बासऱ्या विकल्या गेल्या. एकंदर इंग्लंडातील कारागिरांनी ग्राहकाची नाडी अचूक ओळखली होती. नवा नाद सर्वांना हवा होता. नवी बोटे फार थोड्यांना हवी होती.

आश्चर्य हे की खुद्द जर्मनीतच बोमला सर्वांत कमी अनुयायी मिळाले. ड्रेस्डेनच्या दरबारी वाद्यवृंदातील मोरिट्झ फ्युर्स्टेनाउ याने नवी बासरी शिकून ती काही वर्षे वाजविली. पण तिचा स्वर इतर वाद्यांत मिसळत नाही अशी तक्रार झाल्यावरून १८५२ साली तो पुन्हा जुन्या बासरीकडे वळला. एकदा नवी बोटे जडवायची आणि ती मोडून पुन्हा जुनी जडवायची, असा दुहेरी दंड त्याला भरावा लागला. लाइपझिगच्या माक्सिमिलियान श्वेडलरने तर १८८५ साली जुन्या बोटांचीच एक सुधारलेली बासरी पुढे आणली आणि तिच्यावर मोठी कीर्ती मिळविली.

दरम्यान बोम स्वस्थ बसला नव्हता. पन्नाशी उलटल्यावर त्याने म्यूनिकचे प्राध्यापक शाफहॉय्टल यांच्यापाशी नादशास्त्राचा अभ्यास केला आणि १८४७ साली दुसरी, अधिक क्रांतिकारक बासरी सिद्ध केली. पूर्वीच्या बासरीची पोकळी मुखाकडे रुंद व टोकाकडे निमुळती असे. आता धड सरळ नळीसारखे झाले आणि निमुळतेपणा मुखाकडील भागात गेला. रंध्रे इतकी मोठी झाली की बोटाने ती झाकणे शक्यच नव्हते. म्हणून त्यांवर मऊ गादीची झाकणे आली. पॅरिसमध्ये गोद्फ्र्वा व लो यांनी आणि लंडनमध्ये रूडॉल अँड रोज यांनी ती घडविण्याचे हक्क घेतले. १८५१ सालच्या लंडनच्या महाप्रदर्शनात तिला श्रेष्ठ पदक मिळाले.

ही नवी बासरी बोमने चांदीचीही केली आणि लाकडाचीही. १८७१ साली प्रसिद्ध झालेल्या आपल्या ग्रंथात त्याने दोहोंची तुलना केली आहे, ती लक्षात ठेवण्याजोगी आहे. चांदीच्या बासरीतून नाद फार सहज निघतो, त्यामुळे वादक तिच्यात गरजेपेक्षा जोराने फुंकतात आणि स्वर कर्कश होतो; लाकडी बासरी बहुतेकांच्या ओठांना अधिक मानवते आणि तिचा भरीव, गोड नाद जर्मनीत विशेष प्रिय आहे, असा त्याचा अभिप्राय होता. ज्याने बोटांच्या सवयींची मुळीच भीड धरली नाही, त्याने ओठांच्या सवयीपुढे मात्र मान तुकविली होती.

आणि बोटांच्या बाबतीत तरी अखेरचा शब्द त्याचा ठरला काय? तसे झाले नाही. पॅरिसच्या लुई दोर्यूसने बोमची बासरी लवकरच स्वीकारली, पण तीव्र मध्यमाची उघडी चावी त्याला रुचली नाही. जुन्या सवयीप्रमाणे करंगळी दाबल्यावरच तो स्वर निघावा अशी योजना त्याने करविली. इटालियन वादक ब्रिच्चाल्दी याने १८४९ साली लंडनमध्ये डाव्या अंगठ्याच्या चावीची नवी मांडणी केली. बोमला हे फेरफार पसंत नव्हते. उघडी चावीच शास्त्रशुद्ध, असा त्याचा आग्रह राहिला. परंतु आज जगभर वाजणाऱ्या बहुतेक बासऱ्यांवर त्या स्वराची चावी बंद प्रकारची आहे आणि अंगठ्याची मांडणी ब्रिच्चाल्दीची आहे. शास्त्राने बोटांना शंभर गोष्टी शिकविल्या, पण एकदोन गोष्टी बोटांनीही शास्त्राकडून मान्य करून घेतल्या.

पुढचा निकाल कालाने लावला. त्युलू निवृत्त झाल्यावर १८६० साली कॉन्सर्व्हात्वारमध्ये त्याच्या जागी दोर्यूस आला, आणि त्याच्याबरोबर बोमची बासरीही आली. त्याचा शिष्य पॉल ताफानेल याला जुन्या बोटांचे बंधन कधी जाणवलेच नाही. १८९३ साली तो त्याच संगीतशाळेत प्राध्यापक झाला तेव्हा वादाची आठवणही मावळली होती. कसलेल्या वादकांचे मन वळविण्यात पुष्कळ शाई खर्ची पडली. प्रश्न सुटला तो मात्र पुढच्या पिढीच्या कोवळ्या बोटांनी.

मग त्या जुन्या बासऱ्यांचे काय झाले? त्या अडगळीत गेल्या आणि स्वस्तात विकल्या जाऊ लागल्या. आयर्लंडमधील खेड्यापाड्यांतील वादकांनी त्यांतल्या कित्येक विकत घेतल्या. तेथील नृत्यगीतांना सर्व कोमल-तीव्र स्वर सारख्याच जोराने निघण्याची गरज नव्हती. उघड्या रंध्रावर बोट हलके आपटून किंवा घसरवून काढावयाच्या हरकती मात्र हव्या होत्या, आणि झाकणांच्या बासरीवर त्या तितक्या मोकळेपणाने साधत नाहीत. वाद्यवृंदाने टाकून दिलेली बासरी अशा रीतीने एका जिवंत परंपरेचे मुख्य वाद्य बनली, आणि तिच्या घाटाच्या नव्या लाकडी बासऱ्या आजही घडविल्या जात आहेत.

आपल्याकडेही बासरीला असा एक पालट अनुभवावा लागला. बंगालमधून १९४० साली मुंबईस आलेले पन्नालाल घोष यांनी लहान बासरीऐवजी सुमारे बत्तीस इंच लांबीची, खर्जाची बांबूची बासरी रागसंगीतासाठी रूढ केली. तिच्यावर रंध्रे इतकी दूरदूर येतात की ती बोटांच्या टोकांनी झाकता येत नाहीत. बोटे पसरून मधल्या पेरांनी झाकावी लागतात. पण येथे यंत्र आले नाही. मींड काढण्यासाठी बोट रंध्रावरून हळूहळू सरकले पाहिजे, आणि ते काम झाकणाला जमणारे नाही. म्हणून येथे वाद्य लांबले आणि हात त्याला जुळला. युरोपात प्रत्येक स्वर सुटा व सारखा हवा होता, म्हणून वाद्याने यंत्र स्वीकारले. येथे दोन स्वरांमधली वाट हवी होती, म्हणून बोटांनी ताण सोसला.

या हकीकतीत जिंकला कोण आणि हरला कोण, हे ठरविणे वाटते तितके सोपे नाही. बोमची बासरी श्रेष्ठ ठरली ती विशिष्ट संगीतासाठी. त्युलूची खंत पॅरिसमध्ये निरर्थक ठरली, तरी ज्या उघड्या रंध्रांच्या बासरीची बाजू त्याने घेतली ती आयर्लंडमध्ये टिकून राहिली. नव्या वाद्याकडे वळणाऱ्या वादकाला काही काळ नवशिक्याप्रमाणे चुकीचे स्वर सहन करावे लागतात, आणि ज्याचे नाव झालेले आहे त्याला हे सर्वांत जड जाते. बोम स्वतः निकल्सनला ऐकून लंडनहून परतला तेव्हा सदतीस वर्षांचा, नावाजलेला दरबारी वादक होता. दुसऱ्याचा स्वर आपल्याहून सरस आहे असे त्या वयात मान्य करून त्याने आपली मुरलेली बोटे पुन्हा पहिल्या धड्याला बसविली. त्याचे यंत्रकौशल्य आता कोणत्याही कारखान्यात मिळते. त्या मागची ही तयारी मात्र प्रत्येक वादकाला आपली आपणच करावी लागते.